माणसांसाठी जागा : सुधीर पटवर्धन यांची चित्रे

कामगाराचे चित्र काढायचे म्हणजे नेमके कशाचे चित्र काढायचे, हा प्रश्न आम्हा संघटनेच्या लोकांना फार जुना आहे. गेट सभेचे भित्तिपत्रक करायचे असले की आम्ही एखाद्या हौशी पोराला बोलावतो आणि सांगतो, एक मूठ काढ, तिच्यामागे चिमणी काढ, चिमणीमागे उगवता सूर्य काढ. ही मूठ कोणत्याही शरीराला जोडलेली नसते. तिला नाव नसते, गाव नसते, पाळी संपल्यावर ती कुठे जाते हे कोणी विचारीत नाही. भित्तिपत्रकाचे काम त्याने भागते आणि ते मी कमी लेखीत नाही. रात्रीतून शंभर फलक रंगवून सकाळच्या पाळीच्या आत भिंतीवर लावायचे असतात, तेव्हा मुठीसारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. पण इतक्या वर्षांत त्या मुठीकडे बोट दाखवून 'हा मी' असे म्हणणारा कामगार मला भेटलेला नाही.

ज्या चित्रकाराविषयी आज बोलायचे आहे, त्यांनी 'हा मी' असे म्हणता यावे एवढ्यासाठी आयुष्याची पन्नास वर्षे खर्ची घातली. डॉ. सुधीर पटवर्धन. जन्म १९४९ चा, आपल्या पुण्यातला. येथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले, दुसऱ्या वर्षी मुंबईस गेले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय केला. दिवसा क्ष-किरणाच्या काचा पाहायच्या आणि उरल्या वेळात चित्रे काढायची. चित्रकलेच्या शाळेत ते गेलेले नाहीत. मीही कोणत्या शाळेत कला शिकलेलो नाही. तेव्हा निदान या एका बाबतीत वक्ता आणि विषय यांची जात एकच आहे, असे समजून आपण माझे बोलणे ऐकून घ्यावे.

त्यांची चित्रे मानवाकृतिप्रधान आहेत. म्हणजे त्यांत माणसे आहेत, आणि ती माणसे म्हणून ओळखू येतात. हे सांगण्यात काय विशेष, असे आपणांस वाटेल. पण पटवर्धन चित्रे काढू लागले त्या काळात आपल्याकडे अमूर्त चित्रकलेचा मोठा दबदबा होता. रंगाचे पट्टे, पोताचे थर, आकारांचे ध्यान, यांत पुष्कळ चांगले कामही झाले. अशा वेळी लोकलच्या डब्यातला माणूस कॅनव्हासवर आणणे हे थोडे मागासलेपणाचेच समजले जाण्याचा संभव होता. तरुण पटवर्धनांच्या डोक्यात मात्र दोन गोष्टी घोळत होत्या. एक, त्या पिढीतल्या पुष्कळ सुशिक्षित तरुणांप्रमाणे अस्तित्ववाद, माणसाचे एकटेपण आणि त्याची तगमग. दुसरी मार्क्सवाद. पुण्यात सुधीर बेडेकरांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या 'मागोवा' या नियतकालिकाभोवती जी डावी मंडळी जमली होती, त्यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला. पहिली गोष्ट त्यांना माणसाच्या आत ओढीत होती आणि दुसरी रस्त्यावर. त्यांच्या चित्रांतला ताण या दोन ओढींतून आला आहे, असे माझे मत आहे; आणि तो ताण पुढेही कधी पुरता सुटला नाही हे मला बरेच वाटते.

आता त्यांची शैली. १९७७ सालचे 'रनिंग वूमन' किंवा त्याच वर्षीचे 'इराणी रेस्टॉरंट' पाहा. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती शरीराचे वजन. धावणारी बाई आहे, पण ती हरिणीसारखी धावत नाही. थकलेले, भरलेले, दिवसभर राबलेले अंग घेऊन ती धावते, आणि ते अंग कॅनव्हासच्या चौकटीत जेमतेम मावते. मला हे चित्र पाहताना पिकासोच्या १९२२ सालच्या समुद्रकाठी धावणाऱ्या दोन धिप्पाड बायका आठवतात. तथापि पिकासोच्या बायका सुट्टीवर आल्या आहेत. त्यांच्यापुढे समुद्र आहे, वर निळे आकाश आहे. मुंबईत धावणाऱ्या बाईला कसली सुट्टी!

हे वजन पटवर्धनांनी कोठून आणले? त्याचे पहिले उत्तर पॉल सेझान. हा फ्रेंच चित्रकार १८३९ मध्ये जन्मला आणि १९०६ मध्ये वारला. बाप सावकारी पेढीवाला, मुलगा चित्रवेडा. एक्स या आपल्या गावाशेजारचा सेंत व्हिक्त्वार नावाचा एकच डोंगर त्याने किती वेळा रंगविला याची गणती करणेही कंटाळवाणे आहे. त्याचा ध्यास असा, की डोळ्याला दिसणाऱ्या वस्तूचा भरीवपणा रंगाच्या लहान लहान फटकाऱ्यांनी उभा करायचा. गवंडी जशी वीट विटेला जुळवीत नेतो, तसा तो फटकारा फटकाऱ्याला जुळवीत नेई. १८९० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याने पत्ते खेळणाऱ्या माणसांची पाच चित्रे काढली. बसलेली माणसे म्हणजे त्याच्या वडिलांच्या मळ्यावरचे शेतमजूर. ते हसत नाहीत, भांडत नाहीत, पैसे लावून तंटा करीत नाहीत. ते डोंगरासारखे बसले आहेत. मजुराला डोंगराइतके ठाम बसवावे, त्याची कीव करू नये आणि त्याची थट्टाही करू नये, हा धडा पटवर्धनांनी सेझानपासून घेतला. इराण्याच्या टेबलाशी बसलेला त्यांचा माणूस पाहिला की ते कळते. चहा केव्हाच संपला असेल. माणूस मात्र उठण्याच्या घाईत नाही. त्याला जगात तेवढीच एक खुर्ची हक्काची मिळाली आहे.

दुसरे नाव फेर्नां लेजे. याचे वडील नॉर्मंडीतले गुरांचा व्यापार करणारे शेतकरी. पहिल्या महायुद्धात लेजे खंदकांत होता. तेथे त्याचे सोबती होते खाणीतले मजूर, मातीकाम करणारे, लाकूडकाम करणारे. त्या माणसांनी आणि उन्हात चमकणाऱ्या ७५ मिलिमीटर तोफेच्या पोलादी कुलपाने आपल्याला चित्रकला नव्याने शिकवली, असे तो पुढे सांगत असे. १९१७ साली त्याने पत्ते खेळणाऱ्या सैनिकांचे चित्र काढले, त्यात माणसांचे हातपाय नळकांड्यांसारखे आहेत. सेझानचे पत्तेवाले डोंगर झाले होते, लेजेचे पत्तेवाले यंत्र झाले. तिसरे पत्तेवाले आपल्या ओळखीचे आहेत. कल्याण लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी टाकून ठाणे येईपर्यंत डाव संपवणारे! पटवर्धनांनी त्यांचे चित्र काढले की नाही या वादात न पडता मी एवढेच म्हणेन, की त्यांच्या १९८० सालच्या 'ट्रेन' या चित्रातले प्रवासी या दोन्ही घराण्यांचे वारस आहेत. अंगाने सेझानचे, आणि ज्या पत्र्याच्या डब्यात ते कोंबले गेले आहेत त्या डब्याने लेजेचे.

लेजेची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५० च्या सुमारास त्याने इमारतीचे पोलादी सांगाडे उभारणाऱ्या कामगारांची मोठी चित्रे काढली आणि ती रेनो मोटार कारखान्याच्या उपाहारगृहात लावली. दुपारच्या सुट्टीत कामगार आले, चित्रांकडे पाहून हसू लागले. असल्या हातांनी हे लोक काम कसले करणार, असे म्हणाले. लेजे कोपऱ्यात बसून ऐकत होता. पुढच्या काही दिवसांत हसणे थांबले, कामगार जेवता जेवता मान वर करून पाहू लागले. आणि चित्रे उतरवली तेव्हा त्यांना भिंत ओकी वाटली. ही हकीकत खुद्द लेजेने सांगितलेली आहे, तेव्हा तिला थोडा स्वतःच्या बाजूचा रंग असणारच. पण हातांविषयीचा शेरा मला अगदी खरा वाटतो. कामगार चित्रात प्रथम हातच पाहतो. आमच्या एका फिटरने एका सरकारी दिनदर्शिकेवरचा हसरा कामगार पाहून विचारले होते, "याने पाना कुठे धरलाय? असा धरला तर बोट जाईल."

पटवर्धनांच्या माणसांचे हात मी या दृष्टीने पाहिले आहेत. ते बहुधा मोकळे असतात किंवा काही साधे धरून असतात. आणि येथे माझी तक्रारही नोंदवून ठेवतो. मी पाहिलेल्या त्यांच्या चित्रांत कामगार कामावर फारसा दिसतच नाही. तो रस्त्यावर आहे, पुलावर आहे, हॉटेलात आहे, गाडीत आहे. खात्याच्या आत, यंत्रापाशी, मुकादमाच्या नजरेखाली तो क्वचितच आहे. याचे कारण उघड आहे. डॉक्टरला कारखान्याच्या दरवाजाच्या आत कोण घेणार? त्यांनी जे पाहिले ते दरवाजाबाहेरचे, आणि न पाहिलेले त्यांनी रंगविले नाही. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. तरीही आठ तासांचा एक मोठा तुकडा या चित्रांतून गळला आहे, आणि कामगाराचे शरीर असे का झाले याचे निम्मे कारण त्या आठ तासांत आहे.

एक गोष्ट मात्र या डॉक्टरांनी आमच्याहून अधिक पाहिली. क्ष-किरणतज्ज्ञापुढे रोज माणसे येतात ती अंगरखा काढून. दगडखाणीतला माणूस येतो, ओतशाळेतला येतो, क्षयाचा येतो. मी स्वतः किती तरी जणांना तपासणीस नेले आहे. छाती काचेला टेकवून, श्वास रोखून उभा राहिलेला माणूस जितका उघडा असतो, तितका तो बायकोपुढेही नसतो. तीस वर्षे अशी शरीरे पाहिलेला चित्रकार शरीराला दागिना समजणे शक्य नाही. क्ष-किरणाच्या काचेवर माणसाचा चेहरा येत नाही; पटवर्धनांनी घरी जाऊन तो काढला, असे म्हणावेसे वाटते. मुंबईच्या कामगारांचे एक मोठे पुढारी दत्ता सामंत हेही डॉक्टरच होते, हा योगायोग गमतीचा आहे. गीव्ह पटेल हे तिसरे नाव. ते डॉक्टर, कवी, नाटककार आणि चित्रकार. जन्म १९४०, मृत्यू २०२३. पटवर्धनांचे ते निकटचे स्नेही. 'ऑफ लॅमिंग्टन रोड' या त्यांच्या चित्रातली गर्दी पाहिली म्हणजे हे दोघे एकमेकांच्या चित्रांशी किती बोलत असतील याची कल्पना येते.

पटवर्धनांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९७९ साली झाले. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल', म्हणजे 'माणसांसाठी जागा', या नावाचे एक प्रदर्शन मुंबई आणि दिल्ली येथे भरले. त्यात सहा चित्रकार होते : जोगेन चौधुरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम. गीता कपूर यांनी त्याला प्रस्तावनालेख लिहिला. नावातच मागणी आहे. चित्रात माणसांना पुन्हा जागा द्या! आमच्या मोर्चातही याहून निराळी मागणी सहसा नसते. या सहांमध्ये खख्खर हे बडोद्याचे हिशेबतपासनीस. त्यांनी १९७२ च्या सुमारास घड्याळजी, न्हावी अशा लहान धंदेवाल्यांची चित्रे काढली, आणि ती दुकानाच्या पाटीसारखी भडक, थोडी मिस्कील. पटवर्धनांत तो मिस्कीलपणा नाही. ते गंभीर आहेत, कधीकधी फारच. पण शेजारचा सामान्य माणूस हा चित्राचा विषय होऊ शकतो, त्यासाठी त्याला शेतकरी-राजा किंवा क्रांतिवीर करावे लागत नाही, हे धैर्य या मंडळींनी एकमेकांना दिले.

याच १९८१ सालचे 'अॅक्सिडेंट ऑन मे डे' हे चित्र. एक मे म्हणजे आमचा सण. त्या दिवशी आम्ही झेंडा लावतो, गाणी म्हणतो, हुतात्म्यांना वंदन करतो. चित्रकाराने त्या दिवसाला अपघाताचे नाव दिले. आमच्या काही मित्रांना हे रुचले नाही. अपशकुन केला असे ते म्हणाले. मला तसे वाटत नाही. मे दिनाच्या दिवशीही कोणी तरी रुळांवर, परांचीवर, बॉयलरपाशी असतोच, आणि अपघात पंचांग पाहून होत नाही. भाषणात ज्याला आपण 'कामगारवर्ग' म्हणतो, तो त्या क्षणी एक जखमी माणूस असतो. भित्तिपत्रकाची मूठ आणि हे चित्र यांतला फरक दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

आपण ज्यांची चित्रे काढतो त्यांना त्या आकृतींत स्वतःची प्रतिमा दिसावी, अशी इच्छा पटवर्धनांनी त्या काळात बोलून दाखवली होती. इच्छा मोठी होती आणि अवघडही. चित्रकार पांढरपेशा, शिकलेला, डॉक्टर. ज्याचे चित्र तो काढतो तो मनुष्य कलादालनात पाऊलही टाकीत नाही, आणि टाकले तर पहारेकऱ्याच्या नजरेने परत फिरतो. मग कोणी कोणाकडे पाहायचे? आपल्याला दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र काढण्याचा अधिकार काय? हा प्रश्न त्यांनी चित्राबाहेर ठेवला नाही. रणजित होस्कोटे यांनी त्यांच्यावर २००४ साली जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर', म्हणजे असा पाहणारा, की जो पाहिलेल्या गोष्टीच्या दोषात स्वतःही वाटेकरी आहे. संघटनेच्या कार्यकर्त्यालाही हे विशेषण लागू पडते. कामगारांच्या वतीने बोलता बोलता आमचाही त्यावर चरितार्थ चालतो. असो.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या चित्रांत एक बदल दिसू लागला. माणूस लहान होऊ लागला आणि भोवतालचा गाव मोठा. 'टाउन' हे १९८४ चे चित्र त्या वळणावरचे. पुढे 'पोखरण' आले. हे नाव ऐकून कोणी राजस्थानातल्या अणुस्फोटाकडे जाऊ नये. हे ठाण्यातले पोखरण. येऊरचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी कारखाने, झोपड्या, आणि डोंगर कापीत वर चढणाऱ्या इमारती. सेझानला सेंत व्हिक्त्वार होता, पटवर्धनांना हे डोंगर मिळाले. फरक इतकाच, की सेझानचा डोंगर जागच्या जागी राहिला आणि यांचा डोंगर डोळ्यांदेखत खाल्ला जात होता.

या नगरचित्रांत त्यांनी जी रीत वापरली ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आपण रेल्वेच्या फलाटावर उभे राहून रुळांकडे पाहिले, तर दोन्ही रूळ दूरवर एका बिंदूत मिळतात. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये या दृष्टिभ्रमाचे गणित बसवले गेले, आणि त्याला यथादर्शन म्हणू लागले. त्या गणिताची अट अशी, की पाहणारा एका जागी उभा असावा, एक डोळा मिटलेला असावा आणि त्याने हलू नये. राजवाड्याच्या गच्चीवरून शहर पाहणाऱ्याला ही अट जाचत नाही. पण शहरात जो राहतो तो कधी असा उभा असतो काय? तो जिना उतरतो, बोळातून जातो, पुलावर चढतो, गाडीच्या दारात लोंबकळतो. त्याच्या मनातले शहर हे अशा पन्नास ठिकाणांहून पाहिलेले शहर असते. पटवर्धनांनी ही पन्नास ठिकाणे एका कॅनव्हासवर आणण्याचा यत्न केला. त्यांच्या चित्रात रस्ता मध्येच वाकतो, एक इमारत वरून दिसते तर तिच्या शेजारची खालून, क्षितिज उचलले जाते. पाहणाऱ्याला प्रथम घेरी आल्यासारखे होते. मग तो चित्रात चालू लागतो.

२००१ सालचे 'उल्हासनगर' हे या रीतीचे मोठे उदाहरण. हे गावच मुळी एका नजरेने पाहता येण्यासारखे नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवले, १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तेथला पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. बराकीत घर झाले, घरात दुकान झाले, दुकानावर कारखाना चढला. असल्या गावाला एकबिंदू यथादर्शन लावणे म्हणजे गाठोड्याला पट्टी लावून मोजणे होय.

ही रीत पटवर्धनांनी शून्यातून काढलेली नाही. फ्लॉरेन्सचे गणित बसण्याच्या आधीचे चित्रकार त्यांच्या उपयोगी पडले. इटलीत सिएना नावाचे शहर आहे. चौदाव्या शतकात तेथे नऊ जणांचे पंचमंडळ कारभार पाहत असे, आणि ते ज्या दालनात बसत त्याच्या भिंतींवर अँब्रोजो लोरेंझेत्ती याने १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य यांचे परिणाम रंगविले. मला हे चित्र छापील स्वरूपातच पाहता आले आहे, पण त्याचे भिंग लावून पाहावे तितके थोडे. सुराज्याच्या शहरात चांभाराचे दुकान उघडे आहे, शिक्षक शिकवतो आहे, गाढवांवरून माल येतो आहे, मध्ये फेर धरून नाच चालला आहे, आणि सर्वांच्या वर, छपराच्या उंचीवर, गवंडी परांचीवर चढून इमारत बांधीत आहेत. पंचांनी निवाडा देताना मान वर केली की समोर गवंडी! कुराज्याच्या भिंतीवर दुकाने बंद आहेत. त्या शहरात काम चालू आहे ते फक्त चिलखते-शस्त्रे घडविणाऱ्याचे. अर्थशास्त्राचे एवढे स्पष्ट व्याख्यान मी दुसरीकडे पाहिलेले नाही. बडोद्याच्या आणि मुंबईच्या या चित्रकारांना सिएनाचे फार आकर्षण होते. शेखांच्या नगरचित्रांत ते दिसते, आणि या मंडळींचा इंग्रज मित्र, चित्रकार व लेखक टिमोथी हायमन याने तर सिएनाच्या चित्रकलेवर २००३ साली ग्रंथच लिहिला. सहाशे वर्षांपूर्वीचे परके शहर ठाण्याच्या चित्रकाराला जवळचे वाटले, याचे कारण त्या चित्रात राजा कोपऱ्यात आणि चांभार मध्यावर असू शकतो.

मधल्या काळात ज्या माणसाची प्रतिमा उभी करायची म्हणून ही चित्रकला सुरू झाली होती, त्याचेच पाय उखडले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरणगाव. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली, २००१ मध्ये त्या नियमांत मालकांना सोयीची दुरुस्ती झाली. नेमके त्याच २००१ सालचे पटवर्धनांचे 'लोअर परळ'. आडवे, लांबलचक चित्र. जुने गिरणगाव आणि त्यातून वर येणारी नवी श्रीमंत मुंबई एकाच नजरेच्या टप्प्यात. चित्रकार हंबरडा फोडीत नाही. एखादा सर्वेक्षक नकाशा करतो तशा चिकाटीने तो काय कोठे होते आणि काय कोठे आले ते मांडून ठेवतो. एका निवृत्त साचेवाल्याला मी हे चित्र छापलेले दाखवले. त्याने चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवीत राहिला. मी विचारले, "काय शोधताय?" तो म्हणाला, "पुलावरनं उतरल्यावर डाव्या हाताला आमचा चहावाला बसायचा." चहावाला सापडला नाही. पण डावा हात कोणता, हे त्याला त्या चित्रात लगेच कळले होते.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर या शहराकडे पूर्वीच्या विश्वासाने पाहणे कोणालाच शक्य नव्हते. पटवर्धनांनी १९९६ मध्ये 'रायट' हे चित्र काढले. ज्या जनतेची प्रतिमा गौरवाने उभी करायची, तीच जनता शेजाऱ्यावर हात उचलते हे त्यांना पाहावे लागले, आम्हालाही लागले. एकाच युनियनचे सभासद त्या दिवसांत दोन बाजूंना उभे होते. या विषयावर मी येथे अधिक बोलत नाही, त्याला निराळे व्याख्यान लागेल.

पुढे २००५ साली त्यांनी वैद्यकी थांबवली आणि पूर्ण वेळ चित्रांना दिला. २०१४ सालचे 'मुंबई प्रॉव्हर्ब्स' हे सात फलकांचे चित्र या काळातले सर्वांत मोठे. नाव वाचताच पीटर ब्रूगेलचे १५५९ चे चित्र आठवते. त्यात त्याने शंभराच्या आसपास डच म्हणी एका गावात वावरणाऱ्या माणसांकरवी अक्षरशः करून दाखवल्या आहेत. कोणी भिंतीवर डोके आपटतो आहे, कोणी वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतो आहे. पटवर्धनांच्या सात फलकांत मुंबईचा प्रवास आहे, गिरण्या आणि चाळींपासून काचेच्या मनोऱ्यांपर्यंतचा. हे काम एका मोठ्या उद्योगसमूहासाठी केलेले आहे. त्यावर आमच्यातले काही नाक मुरडतात. मी म्हणतो, सिएनाच्या भिंतींचे पैसेही कारभाऱ्यांनीच दिले होते. गवंडी चित्रात आहेत की नाहीत एवढे पाहावे.

उरतो प्रश्न ही चित्रे पाहायची कोठे. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' या नावाने पटवर्धनांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मांडले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांचे भाग्य. एरवी ही चित्रे खाजगी संग्रहांत आणि परदेशी संग्रहालयांत विखुरली आहेत, आणि त्यांच्या किमती अशा की त्यांत चितारलेल्या माणसाने जन्मभराचा प्रॉव्हिडंट फंड ओतला तरी चौकट येईल की नाही कोण जाणे. हा विरोधाभास पटवर्धनांना ठाऊक नाही असे नाही. २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचे एक फिरते प्रदर्शन जुळवले. ते केवळ स्वतःच्या चित्रांचे नव्हते. भारतातल्या अनेक आधुनिक चित्रकारांची मूळ चित्रे त्यात होती आणि ती महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरली. ज्या गावांत कलादालन नाही, जेथे चित्रकला म्हणजे शाळेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, तेथल्या लोकांनी ही मूळ चित्रे हातभर अंतरावरून पाहिली.

रेनोच्या उपाहारगृहाची आठवण ठेवून मी त्यानंतर दोन कारखान्यांच्या व्यवस्थापनांकडे एक सूचना पाठवली होती. कॅन्टीनच्या भिंतीवर, सुरक्षा सप्ताहाच्या फलकाशेजारी, पटवर्धनांच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती लावू द्याव्यात. खर्च युनियन करील. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने परवानगी दिली, आणि तेथे 'ट्रेन' लागले. पहिल्या दिवशी पहिल्या पाळीतल्या एका हेल्परने चित्रासमोर ताट धरून उभ्या उभ्या जेवण केले आणि मग शेजाऱ्याला विचारले, "हा डबा सेंट्रलचा की वेस्टर्नचा?" त्यावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद चालला.